तीन खोल्यांचं संस्थान

"तलवारीला खुर्ची नि मला स्टूल. गुडघे माझे दुखतात का तिचे?"

झेंडूची माळ ओवता ओवता सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. मामंजी आंघोळीला गेले होते. आमच्यात गादी क्षणभरही रिकामी ठेवत नाहीत; ते उठले की खुर्चीत तलवार बसते.

आमचं सात गावांचं संस्थान अठ्ठेचाळीस साली विलीन झालं. मामंजी, म्हणजे विठोजीराजे, एकाहत्तरात गादीवर आले आणि त्याच वर्षी सरकारनं तनखे बंद केले. उरली एक रीत. गादीवरच्यानं राज्याबाहेर रात्र काढायची नाही. राज्य कुठवर? घराच्या उंबऱ्यापर्यंत, असा निकाल आजेसासरे देऊन गेले होते. सध्या ते येलहंका उपनगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आहे. मामंजींनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं दिवसपाळीच केली. लेकीचं लग्न तुमकूरला होतं, तर अक्षता पडल्या पडल्या परतीची बस धरली.

आज दसरा. आज गादीवर माझा ऋतुराज बसायचा होता. त्याला जर्मनीत नोकरी लागलेली, डिसेंबरात हजर व्हायचं. मामंजी सोडून सगळ्यांना माहीत.

"आधी बसू दे, मग सांगू," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"बसल्यावर जाणार कसा?"

"ते मग बघू."

आमचा पिढीजात चोपदार योगीराज टॅक्सी चालवतो. त्यानं ऋतुराजला फेटा बांधला, आंघोळ करून आलेल्या मामंजींना मुजरा केला आणि म्हणाला, "राजे, गाडी गेटातच लावलीय. स्वल्प लवकर, जरा आटपा."

त्यानं तलवार उचलली. खुर्ची रिकामी. ऋतुराज समोर नुसता उभा.

"बस की रे," मी म्हटलं.

"पँट घट्ट आहे, आई."

योगीराजनं घड्याळ पाहिलं.

"जर्मनीत थंडी फार असते का रे?" मामंजींनी विचारलं.

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. ऋतुराज म्हणाला, "असते, अज्जा."

"मला पुण्याच्या शाखेत मॅनेजर करत होते. पंचाहत्तर साली. पत्र मी बंबात टाकलं."

"मला नाही बोललात कधी!" सासूबाई म्हणाल्या.

"काय बोलणार, अंबू?" मामंजींनी ऋतुराजच्या डोक्यावरचा फेटा उतरवून योगीराजच्या हातात दिला. "बसू नकोस, बाळा. मला नको होती ही गादी. पहिल्या दिवसापासून नको होती."