मर्लची उलटी पेटी

गाणी टेप करायला ॲडलेडहून माणूस येणार म्हणून विल्फ पेंगिलीने सकाळीच दाढी केली आणि तीन ठिकाणी कापून घेतलं.

चाळीस वर्षं त्या गव्हाच्या पट्ट्यात एकही नाच त्याच्या पेटीवाचून झाला नव्हता. पेटी म्हणजे छातीशी धरून भाता ओढायची, बटणांची. ती त्याने एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतली आणि मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये बसून एकटाच शिकला. "मला कोण आलं होतं शिकवायला?" असं म्हणून त्यानेही कुणाला शिकवली नाही. मुलगी मर्ल समोर बसून नुसती बघायची, आणि तो नांगरणीला गेला की ट्रंक उघडून वाजवायची. समोरून बघून शिकलेली, त्यामुळे त्याचा उजवा हात तिचा डावा झाला. पेटी ती उलटी धरायची, वरची बटणं खाली.

बाराव्या वर्षी ती सापडली. विल्फने मारलं नाही. पुढच्या शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये ऐन चहाच्या वेळी तिला पेटीसकट सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाला, "बघा रे, आमचं वटवाघूळ." हॉल खदाखदा हसला. त्यानंतर मर्लने माणसांत पेटीला हात लावला नाही.

आता ती सव्वीसची होती. नवरा सुगीभर बंदरावर गहू वाहायला गेलेला, म्हणून आठ महिन्यांच्या कीथला घेऊन ती बापाकडे राहत होती.

आलेल्या माणसाचं नाव ड्रमंड. त्याने टेबलावर मशीन मांडलं आणि आधी माइकमध्ये बोलला, "वाजवणारे, विल्फ पेंगिली." चुलीतून स्कोनचे छोटे पाव काढता काढता मर्ल थबकली. नावही टेपवर जातं, हे तिला माहीत नव्हतं.

विल्फने तीन चाली धरल्या आणि तिन्ही अर्ध्यात सोडल्या. बोटांचे सांधे हिवाळ्यापासून अक्रोडासारखे सुजले होते. "उकाड्याने पेटी फुगलीये," तो म्हणाला.

"तुमच्या चाली घरात अजून कुणाला येतात का हो?" ड्रमंडने हळूच विचारलं.

"नाही."

"मला येतात," मर्ल म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

"उलटी लटकून वाजवते ती," विल्फ म्हणाला. "न्या शहरात. तिकीट लावून दाखवा."

तिने नाचाची एक चाल थोडीशीच वाजवली आणि ड्रमंडने हातातला कप खाली ठेवला. "हा वॉल्ट्झ मला पूर्ण हवा. शेवटचं रीळ आहे, पंधरा मिनिटं उरलीत. अंधाराच्या आत मला पुढचं गाव गाठायचंय."

प्रश्न कीथचा होता. खुर्चीवरच्या टोपलीत झोपलेला तो आता उठला होता. काल पाण्याच्या टाकीखाली तपकिरी साप निघाला होता, तेव्हापासून मर्ल त्याला जमिनीवर ठेवत नव्हती. दुसऱ्या खोलीत एकटं ठेवायचं तर नावच नको.

"दे इकडे," विल्फ म्हणाला. "माझ्याकडे गप असतो."

तिने शालीत गुंडाळून दिला. वॉल्ट्झचा पहिला भाग नीट गेला. दुसरा सुरू झाला आणि कीथने टाहो फोडला. ड्रमंडने मशीन थांबवलं.

"दात येतायत," विल्फ म्हणाला.

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी कीथ किंचाळला.

"कमाल आहे," ड्रमंड म्हणाला. "अगदी तिथेच."

"सुराची जाण आहे पोराला. चुकलं की रडतो."

"आता एकदाच होईल, मिसेस. टेप संपत आली."

तिसऱ्यांदा मर्लने बटणांकडे पाहिलंच नाही, शालीकडे पाहिलं. पहिला भाग संपत आला तसा बापाचा हात शालीच्या आत सरकला. मनगटाची शीर ताठली. कीथचं तोंड आधी उघडलं, आवाज मागाहून आला.

तिचे हात थांबले असते. तिला वाटलं, थांबलेच. छातीत दूध दाटून आलं, ब्लाउज भिजला. पण भाता चाललाच होता. दुसरा भाग दोनदा वाजवायचा असतो, तिने दोनदा वाजवला. मग परत पहिला. बाप तिच्याकडे बघत होता, ती बापाकडे. त्याने हात काढला नाही, तिने पेटी मिटली नाही. कीथ श्वास घ्यायला थांबायचा तेवढ्यात सूर एकटा उरायचा.

वॉल्ट्झ संपला. ड्रमंडने घाम पुसला.

"बाळ ऐकू येणार. पण तुमचा एकही सूर सुटला नाही. नाव राहिलं की हो तुमचं. 'विल्फ पेंगिलींची मुलगी' म्हणू?"

"नको. मर्ल म्हणा. मर्ल पेंगिली."

तो माइकमध्ये ते नाव बोलेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग तिने मूल घेतलं. लंगोट सारून पाहिलं. मांडीवर दोन डाग काळेनिळे पडत होते. तिसरा अजून लाल होता, नखाने कातडं फुटलं होतं.

विल्फ पाइपमध्ये तंबाखू दाबत होता. अंगठा नीट वळत नव्हता. "आता झालीस वाजवणारी," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

ड्रमंडने रीळ उलटं फिरवलं. "ऐकायचंय? का नको, बाळ दमलंय?"

कीथ तिच्या खांद्यावर हुंदके देत होता. तिने त्याची पाठ थोपटली.

"लावा," मर्ल म्हणाली. "दुसऱ्या भागापासून लावा."