ड्वेनच्या नावाचं पाकीट

आम्ही मतदान घरीच करतो. पोस्टाने मतपत्रिका येतात, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ड्वेन, मध्ये कॉफीचं भांडं. नवरा-बायकोने एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, हा घरचा नियम. मग आपापल्या नावाची पाकिटं चिकटवायची, मागे सही ठोकायची आणि पोस्टात टाकायची.

यंदा मी खूण करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला. राज्याच्या अॅटर्नी जनरलची, म्हणजे राज्यातर्फे खटले भरणाऱ्या मुख्य वकिलाची, निवडणूक होती. आमचा मुलगा नोलन दोन वर्षांपूर्वी कागदाच्या गिरणीत ब्लीचच्या टाकीत गुदमरून मेला. चौतीस वर्षांचा होता. टाकीवरचा पंखा महिनाभर बंद होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सध्या त्या खुर्चीवर बसलेल्या प्रेस्टन हॉगेने मात्र गिरणीशी समझोता केला, कुणाचाच दोष नाही असं लिहून दिलं आणि हात झटकले. त्याच्याविरुद्ध उभी असलेली मारिसेला किंटेरो आमच्या गावात येऊन सांगून गेली, ‘निवडून आले तर पहिली फाइल नोलनची उघडेन.’

मतमोजणी संपत आली आणि अख्ख्या राज्यात दोघांमध्ये फरक उरला सत्तावन्न मतांचा. शुक्रवारी दुपारी किंटेरोच्या प्रचारातल्या मिसेस ओडेगार्ड दारात आल्या. नोलनला तिसरीत त्यांनीच शिकवलं होतं.

“व्हर्ना, अगं, तुम्ही दोघांनी पाकिटांची अदलाबदल केलीत. तुझ्या नावाच्या पाकिटावर ड्वेनची सही, त्याच्या पाकिटावर तुझी. कचेरीने दोन्ही बाजूला काढून ठेवली आहेत. आज पाचच्या आत जिल्हा कचेरीत जा, ज्याच्या नावाचं पाकीट त्याने सही करायची. दोन मतं आहेत गं!”

मी कोट चढवला. ड्वेन खुर्चीतून हलेना.

“गुडघा दुखतोय.”

“काल शिकारीला जाताना नव्हता दुखत.”

“बर्फ पडणार आहे.”

“ड्वेन, ऊठ.”

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. “माझं मत किंटेरोला नाहीये.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

“हॉगेला दिलंस? नोलनच्या बापाने?”

“गिरणीवर खटला झाला तर गिरणी बंद पडेल. गावात दुसरं आहे काय? आणि जन्मभर त्याच पक्षाला देत आलोय मी. खटला भरून पोरगा परत येणारे का?”

“पोरगा नाही येणार. पण पंखा बंद ठेवणारा तरी आत जाईल!”

कॉफीचं भांडं मी मोरीत आपटलं आणि एकटीच निघाले. निदान माझं मत तरी वाचवायचं होतं. वाटेत मोठमोठ्याने शिव्या दिल्या. हॉगेला, ड्वेनला, आणि त्या टेबलालाही.

कचेरीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. “हे तुमच्या नावाचं पाकीट. इथे सही करा, की मोजणीत गेलं.”

पाकिटावर ड्वेनची वाकडी सही होती. मी पेन टेकवलं आणि हात थबकला. त्याने माझ्या नावाचं पाकीट उचललं होतं, म्हणजे आत कागद त्याचा. माझा कागद त्याच्या नावाच्या पाकिटात.

“आतले कागद बदलता येतील का?”

“नाही हो. आत काय आहे ते आम्ही बघतही नाही.”

म्हणजे मी सही केली तर माझ्या हाताने हॉगेला मत. आणि माझं मत ड्वेनच्या सहीवाचून कचऱ्यात. मी तिथूनच फोन लावला.

“ड्वेन, तुझ्या नावाच्या पाकिटात माझं मत आहे. तू आला नाहीस तर मी पुन्हा त्या टेबलाशी बसणार नाही. आयुष्यात नाही.”

त्याने फोन ठेवला. पाचला सहा मिनिटं असताना तो आला. पायात घरातल्या सपाता, डोक्यावर बर्फ. माझ्याकडे न बघता त्याने फॉर्म ओढला आणि सही केली. बाईंनी शिक्का मारला. माझं मत मोजणीत गेलं.

मग त्याने पेन माझ्यापुढे धरलं.

“आता तू. मी केली ना तुझ्यासाठी?”

मी पेन घेतलं. समोर भिंतीवर घड्याळ होतं, पाचला तीन मिनिटं. बेचाळीस वर्षं या माणसाचे डबे भरले, आजारपणं काढली, त्याच्या आईला शेवटपर्यंत भरवलं.

“व्हर्ना, माझं पण मत आहे ते.”

“नोलनही तुझाच होता,” मी म्हणाले.

पेन मी पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली. बाई एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. ड्वेनने दुसरं पेन मागितलं नाही. पाच वाजले तसं बाईंनी माझ्या नावाचं पाकीट रद्दच्या खोक्यात टाकलं, आणि आम्ही आपापल्या गाडीने घरी आलो.