बाटलीच्या बुडाची फुलं

वेल्डरने त्या सकाळी दोनदा दाढी केली. कोर्टाने ठरवून दिलेल्या खोलीत, देखरेखीला नेमलेल्या मॅडमच्या देखत, लेकीला भेटायची आज सहावी म्हणजे शेवटची वेळ. आधीच्या पाचही भेटींपुढे मॅडमनी वहीत ‘शांत’ असा शेरा दिला होता. आजही तोच पडला, तर दर शनिवारी लेक त्याच्याकडे राहायला येणार होती. त्या एका शब्दासाठी गडी तासभर तोंडाला कुलूप लावून बसायला तयार होता.

तसा माणूस वाईट नव्हता, पण डोकं कायम तापलेलं. बायको वेगळी झाली ती त्यामुळेच. “मी कधी हात उगारला नाही,” असं तो ज्याला त्याला सांगायचा, आणि ते खरंही होतं. ताटं भिंतीवर फुटायची, हे मात्र सोयीस्कर विसरायचा.

लेकीला शाळेत वसंतातल्या फुलांचं चित्र न्यायचं होतं, तेही ब्रशशिवाय. त्याने पिशवीतून कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली, जुना टूथब्रश आणि जेवणाचा काटा काढला. काटा मॅडमनी उचलून आपल्या टेबलावर ठेवला.

“टोकदार वस्तू नको. नियम आहे.”

त्याच्या कपाळाची शीर तडतडली, पण “बरं” म्हणून तो गप्प बसला.

“आता बघ हं.” त्याने बाटलीचं बूड लाल रंगात बुडवून कागदावर टेकवलं. उचललं, तर खाली पाच पाकळ्यांचं फूल.

“अय्या! बाबा, मला दे!”

लेकीने धडाधड सात फुलं उमटवली. त्याने टूथब्रशने हिरवे देठ ओढले. मॅडमचा फोन वाजला, त्या खिडकीकडे तोंड करून बोलू लागल्या. तेवढ्यात लेकीचं कोपर लागलं आणि रंगाची अख्खी वाटी त्याच्या नव्या शर्टावर उपडी झाली.

तो बोलला नाही. एक अक्षरही नाही. नुसता ताडकन उभा राहिला. आणि लेकीने डोळे गच्च मिटून दोन्ही हात डोक्यावर घेतले.

ताट येईल म्हणून. तो मटकन खाली बसला.

मॅडम वळल्या तोवर लेक पुन्हा फुलं उमटवत होती. त्याचा शर्ट बघून त्या हसल्या. “एवढं सांडलं, आणि तुमचा आवाजसुद्धा नाही? छान.” त्यांनी पेन उघडलं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं तर तो पाच भेटींत शिकला होता.

“मॅडम, मी नुसता उभा राहिलो तर तिने डोकं झाकलं. तेही लिहा.”

“मी पाहिलं नाही ते. लिहिलं तर शनिवार लांबेल, कळतंय ना?”

“कळतंय. घरी ताटं फेकायचो मी. लिहा.”

मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. लेकीचे कान इकडेच होते.

“बाबा, म्हणजे मी शनिवारी नाही यायचं?”

“इतक्यात नाही.”

“मी रंग सांडला म्हणून?”

“नाही गं राणी. माझ्यामुळे.”

आवाज नीट फुटला नव्हता. म्हणून त्याने घसा साफ केला आणि तिला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा सांगितलं.