कोणी केलं?

नवऱ्याचा डोळा फोडणाऱ्या पोराला लॉन्ड्रीवालीने आपल्याच दुकानात कामाला घेतलं, तेव्हा सुधारगृहाच्या मॅडमना भरून आलं. "केवढं मोठं मन हो तुमचं, ताई!"

मन कसलं डोंबलाचं! नवरा इस्त्री सोडून घरात बसला होता आणि हा मोकळा सुटला होता. तिला तो हाताशी हवा होता. एक वाकडं पाऊल पडलं की त्याची रवानगी परत आत, आणि ते पाऊल पाडायचा विडा तिने उचलला होता.

पण पोरगं मेलं सरळ निघालं. शिव्या गिळायचं, मुकाट कपडे भिजवायचं. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा मांजराने स्टार्चची बरणी पाडली. "कोणी केलं हे?" ती कडाडली. मागे कपडे वाळत घालणारा तो धावत आला, हात पाठीमागे बांधून म्हणाला, "मी."

"अरे, मांजर होतं ना!"

"सवय आहे, काकू," तो ओशाळला. "लहानपणी अनाथाश्रमात कोणी कबूल केलं नाही की सगळ्यांचं जेवण बंद. मग मीच म्हणून टाकायचो."

तिच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

मॅडम येणार त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर तापलेली इस्त्री टेकवून ठेवली. पाठीला हे भोक! मॅडम दारात येताच तिने कोट उंच धरला. "मुद्दाम जाळलाय! कोणी केलं?"

"मी." हात पाठीमागे.

मॅडमचा चेहरा उतरला. "सामान भर," त्या म्हणाल्या. लॉन्ड्रीवालीच्या काळजाला थंडावा मिळाला. जाता जाता त्याला आणखी डिवचावं म्हणून तिने विचारलं, "आणि आमच्या ह्यांच्या डोळ्यावर दगड कोणी मारला रे?"

"मी."

तस्साच. तेवढ्याच झटक्यात, हात पाठीमागे.

तिच्या हातातून कोट गळून पडला. दगड लागला त्या दिवशी रस्त्यात पोरांची अख्खी टोळी होती. पोलिसांनीही हेच विचारलं असणार.

"खरं सांग, मुडद्या! तूच मारलास?"

"मीच, काकू."

इतके दिवस जपलेला राग, तो आता काढायचा तरी कुणावर?

"पिशवी ठेव खाली!" ती किंचाळली. "कोट मी जाळलाय, मॅडम. हा कुठेही जाणार नाही. दगड कोणी मारला ते याच्या तोंडून वदवून घेईन, आणि मग त्या हरामखोराला सोडणार नाही!"

पोराने तोंड उघडलं.

"आणि खबरदार, परत 'मी' म्हणालास तर!"