गाडी नांदेडला गेली

विमलबाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आधी वाकळ बाहेर ओढली. मग उशी, मग दुसरी वाकळ, पायाशी गुंडाळलेली शाल, बॅटरी, चष्म्याचं घर आणि सीटच्या फटीत सरकलेली बामाची बाटली. सगळा संसार ओट्यावर मांडून झाल्यावर त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि दार धाडकन लावलं.

"घे. झाली मोकळी. आता धू, पूस, काय ते कर आणि निघ."

रेणुकादास नळी धरून बॉनेटवर पाणी मारत होता. त्यानं मान वर केली, पण आईकडे नाही, आभाळाकडे. नांदेडच्या अंगाला आभाळ चांगलंच दाटून आलं होतं.

"आई, तिकडं बघितलंस का?"

"मी गाडीकडं बघून राहिले. तू बी गाडीकडंच बघ."

सिंधु दोरीवर कपडे वाळत घालत होती. सासू-सुनेचं मेतकूट चांगलं होतं, त्यामुळे तिला बोलायची मुभा होती.

"आत्याबाई, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच बघा. आज पण पडणार पाऊस."

"पडू दे की. नकटीच्या डोक्यावर छत्री धरा, पण लगीन लावा एकदाचं!"

सिंधु हसली. रेणुकादास हसला नाही. तो पुन्हा बॉनेटवर पाणी मारत बसला. बॉनेट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

गाडी लक्ष्मणराव वकिलांची, म्हणजे विमलबाईंच्या यजमानांची. दुधी रंगाची जुनी ॲम्बेसेडर. भूकंप झाला तेव्हा विमलबाई माहेरी होत्या, औशाच्या पलीकडे, धाब्याच्या घरात. गणपती बोळवून सगळं गाव दमून झोपलेलं. उकडतंय म्हणून त्या तेवढ्या अंगणात आल्या होत्या. धाकटी बहीण कावेरी आत होती, ती छताखालीच गेली. सकाळी लक्ष्मणराव हीच गाडी घेऊन आले आणि बायकोला मागच्या सीटवर निजवून लातूरला आणलं. त्या रात्री अख्खं लातूर रस्त्यावर झोपलं होतं, त्यामुळे वकीलीणबाई गाडीत झोपल्या याचं कुणाला नवल वाटलं नाही. पुढे लोक हळूहळू आपापल्या घरात गेले. विमलबाई गेल्या नाहीत. दिवसा घरात वावरत, स्वयंपाक करत, देवपूजा करत, सगळं करत. पण आडवं व्हायची वेळ आली की पाय आपोआप गाडीकडे वळत. डॉक्टर झाले, गंडेदोरे झाले. लक्ष्मणराव गेले. वरती तर आणखी दोन मजले चढले, कारण रेणुकादासच्या फिजिक्सच्या क्लासला बाहेरगावच्या मुली यायला लागल्या आणि त्यांना राहायला खोल्या हव्या होत्या. भूकंपानं घाबरलेल्या गावात जिकडे बघावं तिकडे मजल्यावर मजले चढत होते! आपल्या उशाशी एक स्लॅब होता तिथे तीन झाले, एवढंच विमलबाईंना कळलं.

हे असंच चाललं असतं आणि कुणी काही म्हटलंही नसतं. पण जया होती.

जया विमलबाईंची लेक, नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. बाळंतीण आतल्या खोलीत आणि तिची आई बाहेर मोटारीत! एका रात्री बाळ रडून रडून काळंनिळं झालं. विमलबाई धावत उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथे खिळल्या. सिंधु उठली, तिनंच बाळाला घेतलं. जया काही बोलली नाही. लेक भांडली असती, आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. ती काहीच बोलली नाही, हे विमलबाईंना आजवर सलत होतं. आता दुसरी खेप होती. नांदेडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सासू हयात नाही, पदरात पहिलं पोर. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला होता. म्हणाली, "आई, तू जिवाला लावून घेऊ नको. मी बाई ठेवणार आहे बाळंतपणाला."

बाई ठेवणार! आई जिवंत असताना!

त्या दिवशी विमलबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी रेणुकादासला बोलावलं. नांदेडच्या काही हौशी मंडळींनी जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरवायचं काढलं होतं आणि त्यांचे गुरुपादप्पा ॲम्बेसेडरसाठी कधीचे मागे लागले होते. विमलबाईंनी तोवर विषयसुद्धा काढू दिला नव्हता.

"गाडी पाठव नांदेडला," त्या म्हणाल्या. "दोन दिवस राहू दे तिकडंच. दोन रात्री छताखाली निघाल्या, तर जयाकडं बाळंतपणाला जाईन मी. गाडी दारात हाय तोवर मी काही आत झोपत न्हाई. गल्लीत कुठं ठेवलीस तरी मी हुडकून काढीन. लांब ने."

"आई, पण कशाला एवढा..."

"तू मध्ये बोलू नको. तूच लाडावून ठेवलंय मला."

ते खरं होतं. रेणुकादास वर्गात पोरींना घाम फोडायचा, पण आईपुढे मऊ. तिनं जरा तोंड बारीक केलं की तो आपणहून गाडीत चादर घालून ठेवायचा.

दिवाळीनंतरची तारीख ठरली. गाडी धुऊन झाली आणि फोन आला, कार्यक्रम रद्द. बंगालच्या उपसागरात कसलं तरी वादळ आलं होतं आणि त्याचा पाऊस नांदेडात पडत होता. प्रदर्शनाचं मैदान काळ्या मातीचं. काळ्या मातीला एक शिडकावा पुरतो; माणूस चप्पल तिथंच सोडून येतो, मग मोटारीची काय कथा! विमलबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी सगळ्यांना शिरा करून घातला, वरच्या मुलींनासुद्धा. संक्रांतीनंतर दुसरी तारीख आली. त्या वेळी गाडी अहमदपूरपर्यंत गेली होती. रेणुकादासनं तिथून फोन करून विचारलं तर पुन्हा तेच. अवकाळी पाऊस, मैदानात चिखल, क्षमस्व. तो तिथूनच माघारी फिरला आणि तिन्हीसांजेला हॉर्न वाजवत दारात आला. लेकरू मोठं काम करून आल्यासारखं हसत होतं. विमलबाईंनीही हसत वाकळ आत टाकली. शिरा मात्र केला नाही. पडल्या पडल्या त्यांना स्वतःचीच चीड आली होती.

वरच्या मुलींना सगळी हकीकत ठाऊक होती. एका घरात काय लपतं? देवणीची अपूर्वा बारावीला होती, पेपर तोंडावर आले होते, तरी जिना उतरताना ती आजीपाशी थांबायचीच. परवा ती म्हणाली होती, "आजी, तुमचा पण पेपर पुढं ढकलला म्हणे."

"हाव. दुसऱ्यांदा."

"आमचा मागं एकदा असाच ढकलला होता. आधी लई मज्जा वाटती. नंतर कळतं, केलेला अभ्यास सगळा उडून गेला. पुन्हा बसायचं म्हणलं की हातपाय गळतात."

पोरगी बोलून निघून गेली. विमलबाई ते घोळवत बसल्या. खरंच की! पहिल्या वेळी त्यांच्या अंगात जेवढी हिंमत होती तेवढी दुसऱ्या वेळी नव्हती. आता वाकळ बाहेर काढताना ती परत आत टाकावीशी वाटत होती, ते पोराला दिसू नये म्हणून तर त्या आदळआपट करत होत्या. आणखी एकदा ढकललं, की संपलं. पाडव्याच्या आसपास जयाचे दिवस भरत होते. चौथी तारीख येईस्तोवर बारसं होऊन जायचं.

"एक फोन लावून बघतो गुरुपादप्पांना," रेणुकादास हात पुसत म्हणाला.

"सकाळपासून लावूनच राहिलास की. लागला का?"

"लाइन मिळत नाही तिकडची."

"मग? रद्द असतं तर त्यांनी केला असता. सिंधु, त्याच्या दशम्या बांधल्यास का?"

सिंधु डबा आणायला आत गेली. रेणुकादास गाडीत बसला, किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि बंद पडली. त्यानं पुन्हा फिरवली. तेवढ्यात आत फोन वाजायला लागला.

"मी बघते," विमलबाई म्हणाल्या आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं आत गेल्या.

"हॅलो, रेणुकादास सर हायेत का? मी गुरुपादप्पा बोलतो, नांदेडहून."

"मी त्याची आई."

"अक्का, नमस्कार! काय सांगू तुम्हाला, काल संध्याकाळपासून इकडं गारा पडल्या बघा. मंडप सगळा आडवा. मैदानात गुडघ्याएवढा राडा. कार्यक्रम रद्द करावा लागला, लई वाईट वाटतंय. पुढची तारीख कळवतो. सरांना तेवढं थांबवा."

बाहेर गाडी पुन्हा खोकली. विमलबाईंनी खिडकीतून बघितलं. रेणुकादास गाडीतून उतरला होता आणि बॉनेट उघडून वाकून बघत होता. एक हाक मारायची बाकी होती. हाक मारली की तो 'जाऊ दे आई, देवाच्या मनातच नाही' म्हणणार, नळी गुंडाळून ठेवणार आणि संध्याकाळी न सांगता वाकळ गाडीत पसरणार. त्यांच्या जिभेच्या टोकावर त्याचं नाव आलंही होतं. केवढं सोपं होतं ते!

"अक्का? ऐकून राहिलात ना? निघाले का सर?"

"निघाला," विमलबाई म्हणाल्या.

"अरे देवा! आता कसं करायचं?"

"काही करू नका. तिथं माझी लेक राहती, तिच्याकडं उतरंल तो. तुम्ही घोर लावून घेऊ नका, गुरुपादप्पा."

त्यांनी फोन ठेवला. पदर खोचून त्या ओट्यावर आल्या. रेणुकादासनं बॉनेट लावलं. इंजिन आता व्यवस्थित घुरघुरत होतं.

"कुणाचा होता गं? नांदेडचा?"

"हाव."

त्याचा चेहरा एकदम उजळला. आशा होती ती, विमलबाईंना स्पष्ट दिसली. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि सिंधूच्या हातातला डबा घेऊन खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवला.

"वाट बघून राहिलेत तुझी. नीट जा. पाऊस लागला तर थांबत थांबत जा, पण माघारी फिरायचं न्हाई. आधी जयाकडं जा, चहा पी, मग बाकीचं."

"आई, तुला जमंल ना? नाहीतर मी..."

"निघ म्हणते ना!"

तो निघाला. फाटकातून गाडी बाहेर पडताना त्यानं मागे वळून बघितलं. विमलबाईंनी हात हलवला नाही, कारण हलवला असता तर थांबवला असता. गाडी कोपऱ्यावरच्या क्लासच्या पाट्यांपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. अंगणात तिच्याएवढी कोरडी जागा तेवढी उरली, आजूबाजूला सगळं ओलं.

मग त्यांनी जयाला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्या फोनपाशी स्टूल ओढून बसल्या आणि लावत राहिल्या. शेवटी लागला.

"जया, दादा येऊन राहिला गाडी घेऊन."

"अगं पण आई, इकडं तर गारांनी..."

"माहीत हाय मला. रद्द झालंय. त्याला माहीत न्हाई. आला की चिडंल, माघारी निघतो म्हणंल. निघू द्यायचं न्हाई. काहीही सांग, पोटात दुखतंय म्हण."

"आई!"

"उद्या संध्याकाळच्या आत गाडी माझ्या दारात दिसली, तर तुझ्याशी बोलणार न्हाई मी."

पलीकडे जयानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, बाईला नको म्हणून सांगू का मग?"

"आज नको सांगू," विमलबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मी फोन करते, मग सांग."

ओट्यावरचा संसार त्यांनी एकटीनं आत आणला. सिंधु मदतीला आली तर तिला चहा ठेवायला पिटाळलं. रात्रीची वाट कशाला बघायची? रात्र आपल्या वेळेनं येणारच. त्यांनी आतल्या खोलीत, जया बाळंत झाली होती त्याच खोलीत, वाकळ अंथरली आणि चष्मा काढून त्या आडव्या झाल्या. डोळे मिटले नाहीत. वर छत होतं, मधोमध पंखा, एका कोपऱ्यात पोपडा निघालेला. 'कावेरी, बाई गं,' त्या मनात म्हणाल्या, 'तू जरा सरक. मला इथं निजू दे.'

वर दुपारच्या केमिस्ट्रीच्या बॅचची वेळ झाली. मुली धडाधड जिना उतरायला लागल्या. छत हादरलं. विमलबाई कोपरावर उठल्या, अर्ध्या बसल्या, तळवा जमिनीवर टेकवून थांबल्या. मुली गेल्या. छत जागच्या जागी होतं. त्या पुन्हा आडव्या झाल्या.

बाहेर टपटप सुरू झाली. नांदेडचा पाऊस लातुरात आला होता. सिंधु चहाचा कप घेऊन दारात आली आणि सासूला तिथे बघून तशीच उभी राहिली.

"आत्याबाई..."

"उभी काय राहिलीस? ठेव तिथं." "आणि ते पुढचं दार लावून घे. पाऊस आत येऊन राहिलाय."

सिंधूनं कप ठेवला. बाहेरच्या खोलीत जाऊन तिनं दार हलकेच लोटलं, सासूला आवाज येऊ नये इतकं हलकेच, आणि हात काढून घेतला.

आतून विमलबाई म्हणाल्या, "कडी पण घाल."