एल्डर टॉबलरची साक्ष

एल्डर टॉबलरला सूड घ्यायचा होता, आणि तो आला होता क्षमेचा प्रचार करायला. पंचाईत एवढीच होती, पण ती त्याला नऊ महिने धड जेवू देत नव्हती.

एल्डर म्हणजे वडीलधारा. हा वडीलधारा वीस वर्षांचा होता. अमेरिकेतल्या आयडाहो मुलखातली बापाची बटाट्याची शेती सोडून, मॉर्मन पंथाच्या रिवाजाप्रमाणे दोन वर्षं परदेशात धर्म सांगायला तो १९६४ साली पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात येऊन पडला. बरोबर त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा एल्डर पार्किन. या पंथाचे प्रचारक जोडीनेच फिरतात, एकाने दुसऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही असा दंडकच असतो. गावाला याची भारी गंमत वाटे. विहिरीवर जायचं तरी दोघं, परसाकडे जायचं तरी दोघं. शेजारची बायजा म्हातारी म्हणायची, या बैलांचं जू सोडायला कुणीतरी विसरलंय.

पहाटे साडेपाचला उठायचं, गुडघे टेकायचे, ग्रंथ वाचायचा, मग पांढरा सदरा आणि काळा टाय चढवून बांधाबांधाने हिंडायचं. विहिरीच्या मचूळ पाण्याने ते सदरे महिन्याभरात पिवळट पडले. रविवारी पाव मोडून प्रार्थना व्हायची. पाव पेणहून एसटीने येई, आणि एसटी चुकली तर तांदळाच्या भाकरीवर भागे. महिन्यातून एक रविवार कडकडीत उपास. विडी नाही, चहा नाही, दारूचा तर थेंब नाही. दारूचं एक वेळ लोकांनी समजून घेतलं. पण पुढे केलेला चहा नाकारणाऱ्या माणसाला देव तरी काय देणार, असं घरोघरच्या बायकांना वाटे, आणि मला विचाराल तर त्यांचं चुकत नव्हतं.

चार महिने घसा कोरडा केल्यावर एक माणूस ऐकायला बसलं. कमळ. तिचा नवरा बुधाजी मिठागरावर मजूर होता, आणि तीही तिथेच पाट्या वाहायची. दारूबंदी सरकारची होती, बुधाजीची नव्हती. संध्याकाळी पिऊन यायचा आणि हाताला येईल त्याने कमळला मारायचा. कमळने स्वर्गाबद्दल काही विचारलं नाही, पापाबद्दलही नाही. तिने एवढंच विचारलं की तुमच्यात खरंच कुणी पीत नाही का. कुणीच नाही, टॉबलर छातीवर हात ठेवून म्हणाला. मग मी येते, ती म्हणाली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला खाडीत बुडवून बाप्तिस्मा द्यायचं ठरलं. टॉबलरने बापाला पत्र लिहिलं, त्यात तिचं नाव तीनदा आलं.

बुधाजीचा धाकटा भाऊ तुळशीराम त्याच मिठागराचा मुकादम होता. भावजय परधर्मात गेली तर जातपंचायतीत मान खाली घालावी लागेल, हे त्याला कळत होतं. पण तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता.

शुक्रवारी पार्किन हिवतापाने फणफणला. रविवारची भरती पंचांगात पाहिली तर वेळ बदलावी लागणार होती, आणि ते कमळला कळवायला टॉबलर दंडक मोडून एकटाच मिठागरावर गेला. भर दुपार. ताडाच्या सावलीत तुळशीरामने त्याला मोठ्या अगत्याने बसवलं. साहेब चहा घेत नाही ना, मग नीरा घे. सरकारच सांगतं नीरा प्या म्हणून. आता, नीरा उन्हं चढायच्या आत प्यायची असते, आणि दुपारपर्यंत तापलेलं मडकं म्हणजे सरळसरळ ताडी, हे खारेपाटात रांगतं पोरही जाणतं. आयडाहोत ताड नसतात. तहानलेल्या टॉबलरने तीन पेले रिचवले, वर आभारही मानले.

पुढचं सगळ्या मिठागराने पाहिलं. साहेब उठला, देवाचं गाणं म्हणायला लागला, आणि मिठाच्या राशीत तोंडावर पडला. समोर डोक्यावर पाटी घेऊन कमळ उभी होती.  तिने पाटी उतरवली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

रविवारी खाडीवर कुणी आलं नाही. टॉबलर तिच्या दाराशी जाऊन सांगत राहिला की मला नीरा म्हणून दिली होती. आतून उत्तर आलं, "दुपारची नीरा कोन पितं?" तुळशीरामने तर पालीच्या बल्लाळेश्वराची शपथ घेऊन चारचौघांत सांगितलं की साहेबाने आपण होऊन मागितली, नको म्हटलं तरी ऐकेना.

पार्किनने नियमाप्रमाणे हाँगकाँगच्या वरिष्ठांना कळवलं, वरिष्ठांनी घरी कळवलं. बापाचं पत्र आलं दोन ओळींचं. दुसरी ओळ होती, तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

त्या ओळीपासून टॉबलर तुळशीरामचा झाला. सकाळी गुडघे टेकले की आधी त्याचं नाव ओठांवर येई. क्षमेची वाक्यं तो घडाघडा म्हणे आणि मनात मुकादमाचे दात पाडे. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस यावा आणि त्याचं मीठ विरघळून जावं अशी प्रार्थना त्याने केली, आणि पाऊस आलाही. अर्धं मीठ वाहून गेलं. टॉबलरला दोन दिवस आनंद मावेना. तिसऱ्या दिवशी कळलं की मजुरांचा रोज बुडाला, त्यात कमळचाही. मुकादमाचा पगार चालू होता. टॉबलर देवावरही चिडला.

श्रावणात बुधाजी गेला. खाडीच्या बांधाला पाणी सोडायची दारं असतात, उघाडी म्हणतात त्यांना. तिथे दोघे भाऊ पीत बसले होते. बुधाजी तोल जाऊन आत पडला, आणि तुळशीरामला हात द्यायलाही उभं राहता येईना, इतकी त्यानेही घेतली होती. नवरा मारकुटा होता म्हणून बाईला त्याचं मरण सोपं जात नाही. कमळने त्या दिवसापासून दिराशी बोलणं टाकलं. तो अंगणात आला की ती आत जाई.

तुळशीरामने ताडी सोडली. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी तो दोघांच्या खोलीशी येऊन उभा राहिला. मला शिकवा, म्हणाला. जे सगळं धुऊन टाकतं म्हणता, ते मला पाहिजे; पंचायतीचं मी बघून घेईन.

पार्किनला गहिवरून आलं. तो शिकवायचा आणि टॉबलर शेजारी बसून हसरा चेहरा धरून ठेवायचा, गाल दुखेपर्यंत. बाप्तिस्म्याआधीच्या कबुलीच्या दिवशी तुळशीरामने मजुरांना केलेली शिवीगाळ सांगितली, चोरलेलं मीठ सांगितलं, भावाचं सांगताना तर तो ढसाढसा रडला. त्या दुपारच्या मडक्याबद्दल अक्षर काढलं नाही. टॉबलर वाट पाहत होता. त्या एका वाक्यावर तो कदाचित सुटलाही असता. ते वाक्य आलं नाही.

डिसेंबरातल्या रविवारी सकाळी दहाला, भरतीच्या पाण्यात, बाप्तिस्मा ठरला. गाव बांधावर लोटलं. बायजाच्या आडोशाला कमळही येऊन उभी राहिली. दिराला देव खरंच घेतो का ते बघायला ती आली होती, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मॉर्मनांचा नियम असा की माणूस आख्खा पाण्याखाली गेला पाहिजे. पायाचा अंगठा, केसाची बट, काही म्हणजे काही वर राहिलं की तो बाप्तिस्मा झालाच नाही; सगळी वाक्यं पुन्हा म्हणून पुन्हा बुडवायचं. हे डोळ्यांत तेल घालून पाहायला साक्षीदार असतो. खरं तर दोन लागतात, पण इथे माणसंच दोन, म्हणून वरिष्ठांकडून एकावर भागवायची परवानगी आणलेली. पार्किन पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात, मुकादमाच्या पायांकडे, साक्षीला उभा राहिला टॉबलर.

पार्किनने हात उंच करून पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि तुळशीरामला मागे आडवं केलं. तो गेला, आख्खा गेला. मिठाने फुटलेला अंगठा गढूळ पाण्याखाली टीचभर खोल जाताना टॉबलरने स्वच्छ पाहिला.

"अंगठा वर राहिला," तो म्हणाला.

हे त्याने ठरवलेलं नव्हतं. पण ओठांवरून गेलं आणि जिभेला गोड लागलं. पार्किनला शंका यायचं कारण नव्हतं. खारं पाणी माणसाला वर ढकलतंच. त्याने पुन्हा बुडवलं. पुन्हा अंगठा. मग केस. मग दुसरा पाय. पहिल्या तीन वेळा गाव हसलं. चौथ्या वेळी हसू थांबलं. पाचव्या वेळी तुळशीराम नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला, आणि पार्किनने टॉबलरकडे असं पाहिलं की त्याला खोटं कळलंय हे टॉबलरने ओळखलं. टॉबलरने नजर चुकवली नाही. ही बुडी माझ्या आईसाठी, तो मनात म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला, "पुन्हा." साक्षीदाराने म्हटल्यावर बाप्तिस्मा देणाऱ्याला पर्याय नसतो. सहावी वेळ झाली, सातवी झाली. गारठा मुकादमाच्या छातीत भरला होता, आणि तो मोठा रुबाबदार माणूस उचक्या देत थरथरत होता. टॉबलरला एवढं बरं नऊ महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेव्हा कमळ पुढे आली. बांध उतरून, पाण्याच्या काठापर्यंत.

"तुमचा देव खरा हाय," ती टॉबलरला म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "ह्याला त्यो घेत न्हाय. फुडच्या ऐतवारी मी येते. मना घ्या."

टॉबलरच्या कानांत रक्त घणघणलं. तिला पुन्हा त्याच्याशी बोलायला नऊ महिने लागले होते. ती येणार होती. बापाला पत्र लिहिता येणार होतं. त्यासाठी आणखी एक शब्दही बोलावा लागणार नव्हता, नुसतं गप्प राहिलं की पुरे होतं.

तुळशीराम पाण्यातूनच म्हणाला, "सायेब, त्यो घेत न्हाय म्हंजे बुधादादाचं मरन कायमचं माज्या डोक्यावर का?"

तो आरोप करत नव्हता, विचारत होता. त्याला ते पटलंही होतं. टॉबलरला मुकादमाचे दात पाडायचे होते, तोंड काळं करायचं होतं, गावासमोर त्याला मिठात लोळवायचं होतं. देवाच्या नावाने त्याला नरकात टाकायचं त्याने कधी मागितलं नव्हतं, आणि आत्ता तो नेमकं तेच करून बसला होता. 

"पहिल्याच वेळी झालं होतं," टॉबलर म्हणाला. मग बांधावरच्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला. "पहिल्याच वेळी तो आख्खा पाण्याखाली गेला होता. मी खोटं बोललो."

 मग तुळशीराम, ओठ निळे पडलेले, कमळकडे वळला. "वयनी," तो म्हणाला, "ती ताडी मीच पाजली व्हती त्यांना. नीरा म्हनून. त्यांना ठावं नव्हतं. बल्लाळेसराची खोटी शपथ खाल्ली मी."

हेच वाक्य. ज्याची वाट पाहत टॉबलर इतके दिवस जळत होता, ते सगळ्या गावासमोर आलं होतं, आणि त्याचं काय करावं हे त्याला सुचेना. त्याने आशेने कमळकडे पाहिलं.

कमळ दिराकडे बघत नव्हती. ती टॉबलरकडे बघत होती, पाटी उतरवली त्या दुपारी बघितलं होतं त्याहून कितीतरी वेळ.

"तवा तुमी खरे व्हतात, तर मी तुमाला खोटं धरलं," ती म्हणाली. "आज खरं धरलं, तर तुमी खोटे निघालात. आता मी परत येनार न्हाय."

ती बांध चढून गेली. बायजा तिच्या मागून गेली, मग हळूहळू सगळेच पांगले. पार्किनने तुळशीरामला हाताला धरून काठावर आणलं, आपला टॉवेल त्याच्या खांद्यांवर टाकला. मुकादम खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि लहान मुलासारखा शांत श्वास घ्यायला लागला. टॉबलर तिथेच गुडघाभर पाण्यात उभा होता. त्या खाडीवर त्या दिवशी धुऊन निघालेला माणूस एकच होता, आणि तो तुळशीराम होता.