प्रबंधाच्या टेबलावरचा तराजू

कोणावर विश्वास ठेवाल हो? गोड बोलणाऱ्या दुकानदारावर, की मुक्या काट्यावर? घाई नको. मी तराजू बोलतोय. शाळेत गेलो नाही, पण गिऱ्हाइकं पुष्कळ वाचलीत.

घडलो तो थेट किराणा दुकानात आलो. मालक अंगठा पारड्यापासून लांब धरायचे, आणि काटा मध्ये आला की वर चिमूटभर टाकायचेच. एका गिऱ्हाइकाने खवचटपणे विचारलं, "ही चिमूट कशाची?"

"तुम्ही पुन्हा येण्याची."

दुसऱ्या दिवशी गृहस्थ हजर! "आलो. चिमूट द्या."

मग एका सकाळी मालक गेले. शटर पडलं. त्यांच्या लेकीने मला आपल्या टेबलावर आणलं. ती छोट्या दुकानांवर प्रबंध लिहीत होती. माझ्या एका पारड्यात टाचण्या, दुसऱ्यात खोडरबर! काय ही माझी अवस्था!

पोरगी रडली नाही, लिहीत सुटली. प्रबंधात बाप झाला 'दुकानदार क्रमांक एक'. आईने वाचलं नि चष्मा काढला. "अगं, बाबांना नंबर? ते काय तुरुंगात होते?"

"अभ्यासात अंतर ठेवावं लागतं, आई."

"ठेव बाई. जेवायला तरी जवळ ये."

चिमटीवर तिने अख्खं प्रकरण लिहिलं, तक्त्यांसकट. फक्त शेवटची ओळ लबाड निघाली: 'दुकानदार क्रमांक एकने व्यवसाय बंद केला.'

मार्गदर्शक सरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांचा फोन आला. "प्रकरण झकास. पण एवढं चालतं दुकान त्याने बंद का केलं? धंदा बसला?"

"नाही सर."

"मग दुसरीकडे टाकलं?"

तिने माझ्या पारड्यातल्या टाचण्या टेबलावर ओतल्या. "ते गेले, सर. माझे बाबा होते ते."

सर म्हणाले, "तेच लिही. अंतराचं मी बघतो."

ती लिहायला बसली आणि बांध फुटला. आईने तिला जवळ घेतलं, स्वतःचे डोळे पुसले नि म्हणाली, "कागद भिजतोय गं. जरा अभ्यासू पद्धतीने रड!" दोघी रडता रडता हसल्या.

ओळ झाली: 'माझे वडील वारले, म्हणून दुकान बंद झाले.' खाली आणखी एक: 'तोलताना ते गुणगुणायचे.'

सरांनी विचारलं, "ही ओळ कशासाठी?"

"वरची चिमूट, सर."

आता खोडरबरही काढलंय; माझी पारडी रिकामी आहेत, काटा मध्ये आहे. मागणं एवढंच: तुमचं कोणी गेलं, तर त्या माणसाचा हिशेब चोख ठेवा. अंगठा लांब धरा. आणि काटा मध्ये आला, की वर चिमूटभर टाका.